मेमरी कायम फुल्ल

देवस्थळींच्या बेंचवरच्या ऑसिलोस्कोपच्या कपाळावर एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती. पट्टीवर देवस्थळींच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : ‘मेमरी कायम फुल्ल. सेटिंगला हात लावू नये. – सु. दे.’ ठाण्याच्या वागळे इस्टेटीतल्या प्रगुण इलेक्ट्रॉनिक्समध्ये मालकाचा शब्द एक वेळ कुणी खाली पडू दिला असता, पण या पट्टीचा नाही.

ऑसिलोस्कोप म्हणजे काही मोठं गौडबंगाल नाही. डॉक्टर छातीला वायरी लावून कार्डिओग्राम काढतात ना, तसं हे बोर्डांचं. वायर टेकवायची, आतली वीज कशी वरखाली होते त्याची रेघ पडद्यावर दिसते. प्रगुणमध्ये पॅथॉलॉजी लॅबच्या मशीनना लागणारे पॉवर सप्लाय, म्हणजे वीज पुरवणारे बोर्ड बनत, आणि प्रत्येक बोर्ड या यंत्राखालून गेल्याशिवाय खोक्यात जात नसे.

सुश्रुत देवस्थळी, वय चौपन्न, राहणार डोंबिवली पूर्व, टेस्टिंगचे मुख्य. चोवीस वर्षं एकच कंपनी, एकच खुर्ची. माणूस वाईट नाही. डबा वाटून खातील, कुणाच्या मुलाचं गणित अडलं तर रविवारी घरी बोलावून समजावतील. पण एक खोड होती, खोड कसली, दुखणंच म्हणा : ‘मला हे ठाऊक नाही’ एवढं वाक्य काही त्यांच्या तोंडून निघायचं नाही. कुणी अवघड काही विचारलं की ते चष्मा काढून पुसायचे आणि पुसून होईस्तोवर उत्तर तयार ठेवायचे. बरोबर की चूक ते मग देव जाणे.

मेमरीवर त्यांचा एवढा जीव का, तेही सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. ते नोकरीला लागले तेव्हा स्कोपमध्ये रेघेचे जेमतेम अडीच हजार ठिपके मावायचे. तेवढ्यात जे सापडेल ते तुमचं, बाकी गेलं. मेमरीसाठी हा माणूस वर्षानुवर्षं तरसला होता. पुढे दोन कोटी ऐंशी लाख ठिपके साठवणारा स्कोप आला, तेव्हा नुसते पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. एवढी जागा मिळाली आहे तर कमी कशाला वापरायची, असा त्यांचा साधा विचार. तो विचार कुणी तपासला नाही, कारण कंपनीत तपासणारे तेच होते.

तर गोष्ट मार्च महिन्यातली.

संचिता घाडी ही दिवा पूर्वेला राहणारी मुलगी, कणकवलीकडचं घराणं, डिप्लोमा करून कंत्राटावर टेस्टर म्हणून लागलेली. सव्वीस वर्षांची, बोलायला कमी, कामाला वाघ. दीड वर्ष झालं होतं आणि एप्रिलमध्ये ती कायम होणार असं जवळजवळ ठरलेलं होतं. घरात बाप नाही, आई आणि ती. कायम होणं म्हणजे तिला काय होतं ते सांगायची गरज नाही.

ती देवस्थळींच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, या लॉटमध्ये काहीतरी आहे. पाच व्होल्टची लाइन मध्येच खाली पडते. एकदम बारीक. मी दोनदा बघितलेलं.’

देवस्थळी उठून आले. पडद्याकडे बघण्याआधी त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या आकड्याकडे गेलं. दोन कोटी ऐंशी लाखांच्या जागी दहा हजार.

‘मेमरी कोणी कमी केली?’

‘मी केलेली, सर. कमी ठेवली की स्क्रीन फटाफट फिरते. म्हणून दिसलं बहुतेक.’

‘बहुतेक,’ देवस्थळी म्हणाले. ‘वही फाडून एकच पान ठेवायचं आणि म्हणायचं, बघा, मला जास्त वाचता येतं. पट्टी वाचलीस का ती?’

आता खरं तर हा प्रश्न विचार करण्यासारखा होता. कमी मेमरी ठेवल्यावर जास्त दिसतंच कसं? दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर देवस्थळी कदाचित विचारात पडलेही असते. पण विचारत होती दीड वर्षाची पोर, तीही त्यांच्या पट्टीचा नियम मोडून, आणि आजूबाजूला सातआठ माणसं माना वर करून बघत होती. त्यांनी चष्मा पुसला. मेमरी पुन्हा फुल्ल केली. खुर्ची ओढून अर्धा तास पडद्यासमोर बसले. रेघ सरळच्या सरळ.

‘दिसली का दरी?’ त्यांनी विचारलं.

‘आता नाही दिसत, सर.’

‘म्हणजे मी आलो की पळते. भुतं दिसतात की काय तुला?’

सगळे हसले. हसायला काय लागतं, साहेब बोलले की लोक हसतात. त्या दिवसापासून तिचं नाव भूतवाली पडलं. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी तिच्या बेंचवर लिंबूमिरची टांगून गेलं. देवस्थळींनी ती बघितली आणि त्यांनाही गंमत वाटली. ही गोष्ट पुढे त्यांना फार छळणार होती, पण तेव्हा नाही.

संचिता मात्र हटून बसली. दोन लॉट पास करायला तिने नकार दिला, माल आठवडाभर अडला, मालक आनंद कर्णिक खाली येऊन चिडले. त्यांनी देवस्थळींना विचारलं, ‘नक्की काय आहे ते मला एका ओळीत सांगा.’ देवस्थळींनी एका ओळीत लिहून दिलं : ‘तपासणाऱ्या व्यक्तीने यंत्राची सेटिंग चुकीची ठेवल्याने झालेला भास.’ माल गेला. एप्रिलमध्ये कायम करायच्या कागदावर संचिताच्या नावापुढे त्यांनी ‘भरवसा ठेवता येत नाही’ असे चार शब्द लिहिले, आणि ती घरी बसली.

बरं, तेवढ्यावर संपलं असतं तर. टेस्टरची नोकरी देण्याआधी लोक जुन्या साहेबाला फोन करतात. मे महिन्यात रबाळ्याहून एक फोन आला, जूनमध्ये अंबरनाथहून. दोन्ही वेळा देवस्थळी अगदी मनापासून म्हणाले, ‘मुलगी मेहनती आहे हो, पण तिला नसलेलं दिसतं.’ दोन्ही ठिकाणी तिला नाही म्हणून कळवलं गेलं. जुलैत ती डोंबिवलीत एका साड्यांच्या दुकानात बिलिंगला लागल्याचं सोल्डरिंगवाल्या पोपट भोईरने सांगितलं. ‘बरं झालं, काहीतरी मिळालं,’ असं देवस्थळी म्हणाले, आणि त्यांना खरोखर बरं वाटलं. काय म्हणावं या माणसाला.

ऑगस्टमध्ये मशीन परत यायला लागल्या. नाशिकहून दोन, कल्याणहून पाच, मग मोजणंच सोडलं. सगळीकडे एकच तक्रार : लॅबमध्ये रक्त तपासता तपासता मशीन आपोआप बंद पडून पुन्हा चालू होते, सॅम्पल वाया जातात, पेशंटला पुन्हा सुई टोचावी लागते. सगळे बोर्ड मार्चमधले. देवस्थळींनी महिनाभर त्या बोर्डांपुढे बसून काढला. मेमरी अर्थातच फुल्ल. रेघ सरळ.

मार्चमधले बोर्ड म्हटल्यावर त्यांना संचिता आठवली नसेल का? आठवली होती. पण आठवण आली की ते मनात म्हणायचे, तो भास होता, हे वेगळं आहे. आणि पुढच्या बोर्डाला वायर लावायचे.

कर्णिक म्हणाले, ‘देवस्थळी, जुनं यंत्र पुरत नसेल तर नवीन घेऊ. दोन-तीन मॉडेल बघा, तुलना करून द्या.’ हे काम मात्र देवस्थळींच्या आवडीचं. त्यांनी रीतसर तक्ता केला. दोन मॉडेल उरली. एकाची मेमरी पन्नास कोटी ठिपक्यांची, पण प्रोसेसर बेताचा. दुसऱ्याची मेमरी त्याच्या पाचव्या हिश्शाएवढी, पण प्रोसेसर असा तेज की सेकंदाला लाखो वेळा पडदा नव्याने काढतो म्हणे. देवस्थळींनी मेमरीचा रकाना ठळक केला, तो वेगाचा आकडा शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात टाकला आणि पुढे कंसात लिहिलं, ‘जाहिरातीचा भाग’. निकाल तक्ता करायच्या आधीच लागला होता. तरी रीत म्हणून दुसऱ्या मॉडेलवाल्या कंपनीच्या माणसाला डेमोला बोलावलं.

पंधरा सप्टेंबर, सोमवार. डेमोला आला तो राकेश, तिशीतला, बॅगेतून यंत्र काढता काढता बोलणारा. बेंचभोवती कर्णिक, देवस्थळी, आणि वीस वर्षं सोल्डरिंग करणारा पोपट भोईर. राकेशचं लक्ष आधी जुन्या स्कोपकडे गेलं. पट्टी वाचून तो हसला.

‘हे कोणी लावलंय?’

पोपट छताकडे बघायला लागला. राकेशच्या लक्षात काही आलं नाही, तो आपला सुरूच. ‘खूप ठिकाणी हेच करतात, साहेब. लोकांना वाटतं स्कोप सतत बघत असतो. तसं नसतं. तुमच्या गेटवरचा वॉचमन बघा. माणूस आला की तो वहीत नाव लिहितो. लिहिताना मान खाली. तेवढ्यात दुसरा कुणी आत शिरला तर त्याला पत्ता लागत नाही. आता तुम्ही त्याला सांगितलं, नुसतं नाव नको, गाव, पत्ता, आईबापाचं नाव, सगळं लिही. मग काय होणार? मान खालीच राहणार. मेमरी म्हणजे ती वही आणि प्रोसेसर म्हणजे वॉचमनचा हात. वही मोठी आणि हात सावकाश, तर गेट उघडं पडलं म्हणून समजा.’

‘पण वहीत सगळं लिहिलेलं असतं ना,’ देवस्थळी म्हणाले. आवाज थोडा चढला.

‘असतं ना, सर. दोन कोटी ऐंशी लाख ठिपके. पडद्यावर त्यातला चिमूटभर दिसतो. बाकीची वही उलटून कधी बघितली कुणी?’

कुणीच बघितली नव्हती. फॉल्ट कसा दिसतो हे ठाऊक असतं तर ‘असं दिसलं की थांब’ म्हणून यंत्राला सांगता आलं असतं. ठाऊक नसताना पडद्याकडे बघत बसणं एवढाच मार्ग, आणि तो पडदा सेकंदाला कसाबसा दोनदा हलत होता. देवस्थळी महिनाभर ज्या यंत्रासमोर बसले होते ते बहुतेक वेळ मान खाली घालून लिहीत होतं.

राकेशने परत आलेला एक बोर्ड घेतला, आपल्या यंत्राची वायर टेकवली. चार सेकंद झाले असतील नसतील. सरळ रेघेखाली एक बारीक फिकट रेघ उमटली, खाली गेली, वर आली. मग आणखी एक.

‘हे बघा,’ राकेश म्हणाला.

कर्णिक पुढे वाकले. पोपटही वाकला. देवस्थळी जागेवरच उभे राहिले.

राकेश भला माणूस. त्याला वाटलं, आपण यांचं जुनं यंत्र उगाच खाली पाडतोय. म्हणून म्हणाला, ‘तुमच्या स्कोपवरही दिसेल, फक्त थोडा वेळ लागेल.’ आणि पट्टी अंगठ्याने जरा बाजूला सारून त्याने बटण फिरवलं. दोन कोटी ऐंशी लाख, एक कोटी, दहा लाख, एक लाख. दहा हजारांवर थांबला. पडदा फटाफट फिरायला लागला. दोनेक मिनिटांनी ती रेघ तिथेही आली.

दहा हजार. तोच आकडा. तेच यंत्र, तीच जागा, तेच बोर्ड. देवस्थळींना एकदम ती मुलगी बेंचपाशी हात बांधून उभी दिसली, आणि सगळ्यांचं हसणं ऐकू आलं. कान तापले. त्यांना इतकी लाज वाटली की तोंड कुठे वळवावं कळेना.

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडाशी आलंही. पण चोवीस वर्षांची जीभ, ती वेगळ्याच वळणाला लागलेली.

‘मी हेच तपासायचं म्हणत होतो,’ देवस्थळी म्हणाले. ‘मेमरी आणि वेग यांचं गणित. म्हणूनच डेमो ठेवला.’

कर्णिकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ‘शेवटी पकडलंतच, देवस्थळी.’

संध्याकाळी पोपट चहाचा ग्लास घेऊन त्यांच्याजवळ आला. ‘सायेब,’ तो हळूच म्हणाला, ‘ती घाडींची पोर हेच सांगत व्हती ना?’

‘ते बोर्ड वेगळे होते, पोपट.’

पोपटने त्यांच्याकडे बघितलं आणि उरलेला चहा बेसिनमध्ये ओतून तो कामाला लागला. एका दिवसात दोनदा खोटं बोलून झालं होतं. देवस्थळी घरी गेले, जेवले नाहीत, पित्त झालंय म्हणाले. ते तिसरं.

मग पुढचे दिवस बघा कसे गेले. बोर्डांतल्या एका कपॅसिटरचा लॉट खराब निघाला, तो बदलला, मशीन दुरुस्त व्हायला लागल्या. रोज सकाळी देवस्थळी ठरवायचे, आज कर्णिकांना सांगायचं. रोज दुपारी काहीतरी निघायचं. आज साहेबांचा मूड नाही, आज पार्टी आली आहे, आज शुक्रवार आहे. एकदा केबिनच्या दारापर्यंत गेले आणि रजेच्या अर्जावर सही घेऊन आले. रजा त्यांना नकोच होती.

खंडेनवमीला प्रगुणमध्ये यंत्रांची पूजा असते. सोल्डरिंगच्या गनपासून कॉम्प्रेसरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू, झेंडूच्या माळा, बायका नटून येतात, मुलंबाळं येतात. त्या वर्षी नवा स्कोप मध्यभागी, तो वेगवान प्रोसेसरवाला, आणि त्याला सगळ्यात मोठी माळ. देवस्थळींनी तक्ता पुन्हा करून दिला होता. ‘जाहिरातीचा भाग’ हे शब्द त्यातून गेले होते.

कर्णिकांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. ‘यंदा पूजा मी नाही करणार,’ ते म्हणाले. ‘आपली इज्जत ज्यांनी राखली ते करतील. महिनाभर एका फॉल्टमागे लागून तो शोधून काढणं सोपं नाही. सुश्रुत देवस्थळी.’

टाळ्या पडल्या. देवस्थळींची बायको मैथिली पुढेच उभी होती, तिने तर मोबाइल वर धरला. देवस्थळींच्या हातात नारळ दिला गेला. त्या क्षणी नारळ खाली ठेवून बोलता आलं असतं. त्यांनी नारळ फोडला, पाणी यंत्रासमोर शिंपडलं, कुंकू लावताना ते पडद्यावर सांडलं. लोकांना वाटलं, गहिवरले.

प्रसाद वाटायचं ताटही त्यांच्याच हाती आलं. पोपटपाशी आले तेव्हा पोपट म्हणाला, ‘नको, सायेब, उपास हाय.’ नवमीला बऱ्याच जणांचे उपास असतात, तसं त्यात काही नव्हतं. पण पुढच्या माणसाच्या हातातला पेढा पोपटने उचलून तोंडात टाकला. देवस्थळींनी ते बघितलं आणि बघितलं हे पोपटनेही बघितलं. एवढा अपमान त्यांचा आयुष्यात कुणी केला नव्हता, आणि त्यावर एक शब्द बोलायचा हक्क त्यांना उरला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी कंपनीचं लेटरहेड काढलं आणि लिहायला बसले. मार्चमधला अहवाल चुकीचा होता, दोष बोर्डात होता, कु. संचिता घाडी यांनी तो योग्य पद्धतीने शोधला होता, चूक माझी. खाली सही, फोन नंबर. आठ ओळींना पाऊण तास लागला.

दुसऱ्या दिवशी दसरा. ‘दिव्याला जाऊन येतो,’ ते मैथिलीला म्हणाले. ‘एक काम राहिलंय.’

दिवा पूर्वेला चौथा मजला, लिफ्ट नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर पाण्याचे ड्रम. दाराला झेंडूचं तोरण होतं. दार संचिताच्या आईने, मीराबाईंनी उघडलं. देवस्थळींनी नाव सांगितल्यावर त्यांनी पदर सावरला.

‘देवस्थळी सर? अगो संचिता, सर इलेत बघ तुझे.’ मग खुर्ची पुसत पुसत, शहरी मराठीत वळून त्या म्हणाल्या, ‘तुम्ही कशाला त्रास घेतलात? हिचंच चुकलं हो. मी रोज सांगते तिला, सरांचं ऐकलं असतंस तर आज कायम झाली असतीस. मोठ्या माणसाने शिकवलं की ऐकावं.’

देवस्थळी बसले.

संचिता आतून आली. केस ओले, साधा ड्रेस, साडीच्या दुकानात आज दुपारनंतर जायचं असावं. त्यांना बघून ती आधी दचकली, मग कसनुसं हसली. ‘सर, मी तुम्हाला फोन करणारच होते खूप दिवस. सॉरी म्हणायचं होतं. मी नंतर विचार केला खूप. मेमरी मी कमी करायला नको होती. पट्टी लावलेली तरी हात लावला. मला तेव्हा खरंच काहीतरी दिसल्यासारखं वाटलेलं, पण नसेलच.’

घ्या. सहा महिन्यांत त्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास टाकून दिला होता आणि यांच्या चार शब्दांवर ठेवला होता. देवस्थळींना वाटलं, हिने शिव्या दिल्या असत्या तर निदान मान वर करून ऐकल्या असत्या.

‘ते होतं, संचिता,’ ते म्हणाले. ‘तुला दिसलं ते होतं. दहा हजारांवर ठेवलं तेच बरोबर होतं. मी मेमरी फुल्ल केली आणि यंत्र आंधळं केलं. तो कपॅसिटर होता. मशीन परत आल्या सगळ्या.’ त्यांनी पत्र पुढे केलं. ‘हे तुझ्याकडे ठेव. कुठेही दाखव. फोन आला तर मी हेच सांगेन. उद्या कंपनी उघडली की कर्णिकांना सांगतो, सगळ्यांसमोर.’

तिने पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. ओठ थरथरायला लागले तसा तिने हात तोंडावर धरला. ‘म्हणजे मला दिसलेलं,’ ती म्हणाली. ‘आई, ते खरं होतं. मला दिसलेलं ते खरं होतं.’

मीराबाईंना पत्रातलं काही कळलं नाही, पण पोरीचं रडणं कळलं, आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला. ‘बसा, सर, श्रीखंड घेतल्याशिवाय जायचं नाही,’ म्हणून त्या आत गेल्या.

‘सर,’ संचिताने डोळे पुसत विचारलं, ‘कधी कळलं तुम्हाला?’

साधा प्रश्न. तिने काही मनात धरून विचारला नव्हता. देवस्थळी चष्मा पुसत होते.

‘काल,’ ते म्हणाले.

‘काल कळलं, आणि आज सणाचं घर सोडून इथवर आलात.’ तिचा चेहरा असा उजळला की देवस्थळींना बघवेना. ‘कोण येतं, सर? कोण असं येऊन सांगतं? मी उगाच तुमच्याबद्दल काहीबाही मनात आणलेलं.’

ती देव्हाऱ्यापाशी गेली, ताटातली आपट्याची दोन पानं आणली, त्यांच्या हातावर ठेवली. दसऱ्याला लहानांनी मोठ्यांना सोनं देऊन पाया पडायचं, ही रीतच. ती वाकली.

देवस्थळींनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ‘वाकू नकोस,’ ते म्हणाले.

‘असू द्या, सर.’

‘काल नाही कळलं. पंधरा तारखेला कळलं. सतरा दिवस झाले. मी कुणाला बोललो नाही. काल फॉल्ट शोधला म्हणून त्यांनी माझा सत्कार केला, तो मी करून घेतला.’

ती वाकलेली तशीच राहिली. हात त्यांच्या पायांपासून वीतभर दूर. मग सावकाश सरळ झाली. चेहऱ्यावर राग नव्हता, निदान देवस्थळींना तरी दिसला नाही. तिने पत्राची नीट घडी घातली आणि ते देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं. मग त्यांच्या हातावरची दोन पानं उचलून पुन्हा ताटात ठेवली. देवस्थळी उठले.

मीराबाई वाट्या घेऊन बाहेर आल्या. ‘हे काय, उभे का सगळे? बसा ना, सर.’

‘नको, आई,’ संचिता म्हणाली. ‘सर निघालेत.’